घरामागचं कोईचं तळं: ड्रम, कॅरेट आणि शेततळ्याचा कागद

अंगणातला कावळा (धागाकर्ता)

कोई (शोभेचे रंगीत कार्प मासे) पाळायच्या म्हटलं की आपल्याकडे कारभार उलटा चालतो. आधी दुकानातून रंगीत पिल्लं आणायची, बादलीत ठेवायची आणि मग खड्डा खणायला माणूस शोधायचा. ते बोटभर पिल्लू नीट जगलं तर दीड-दोन फुटांचं होतं आणि वीस-पंचवीस वर्षं घरात राहतं, हे दुकानदार सांगत नाही. नाशिकला मखमलाबादमध्ये आमच्या घरामागे तळं केलं तेव्हा मासे सगळ्यात शेवटी आणले. बऱ्याच जणांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

आधीच सांगून ठेवतो, हे शोभेचं कारंजं नाही. यात कमळं नाहीत, गोटे नाहीत, हत्तीच्या सोंडेतून पडणारं पाणी नाही. कोई कमळाची मुळं उकरून ठेवतात आणि गोट्यांच्या फटीत बसलेली घाण कुठल्याही पंपाला निघत नाही.

माप दहा फूट लांब, सहा फूट रुंद, चार फूट खोल. म्हणजे २४० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, तेव्हा साधारण ६,८०० लिटर पाणी झालं. मोठ्या कोईला माणशी, सॉरी, माशी हजार लिटर धरा. सहा मासे, फार तर सात. पाहुणे येतात आणि म्हणतात, ‘एवढ्या पाण्यात एवढेच?’ त्यांना चहा द्या, मासे वाढवू नका.

चार फुटांपेक्षा कमी खोली करू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि जानेवारीत पहाटे दहाच्या खाली उतरतो. उथळ पाणी दिवसभरात हवेबरोबर वर-खाली होतं, खोल पाण्याला वेळ लागतो, आणि माशाला हा वेळच हवा असतो. कडा सरळ उभ्या ठेवल्या आहेत, पायऱ्या केलेल्या नाहीत. पायरी म्हणजे बगळ्याला बसायला दिलेली खुर्ची.

आमच्याकडे वर काळी माती आणि खाली मुरूम लागतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्या भरवशावर कड सोडली की ती सरकणारच. म्हणून वरच्या भागाला वीटकामाची कड घेतली, त्यावर सिमेंटचा पट्टा. तळाला बारीक वाळू, वाळूवर जुन्या सतरंज्या आणि गोणपाट, त्यावर कागद. कागद म्हणजे शेततळ्याचा प्लास्टिकचा, ५०० मायक्रॉनचा. दुकानात ‘पाँड लायनर’ मागितलं की दुप्पट भाव सांगतात. शेततळ्याचं काम करणाऱ्याकडे रोलचा उरलेला तुकडा मागा. माप काढायचं सोपं आहे: लांबी, अधिक खोलीच्या दुप्पट, अधिक दोन्ही बाजूंना एकेक फूट. म्हणजे २० बाय १६ फूट.

आता खर्च कुठे करायचा? बॉटम ड्रेनवर, म्हणजे तळातल्या निचऱ्याच्या तोंडावर. तळाला चारी बाजूंनी मधे उतार, आणि मध्यावर ११० मिमीच्या पाइपाची वाटी काँक्रीटमध्ये बसवलेली. तळं एकदा भरलं की हे पुन्हा करता येत नाही, तेव्हा पैसे वाचवायचे तर इतरत्र वाचवा. कागदाला भोक पाडायचं म्हटलं की भल्याभल्यांचे हात कापतात. वाटीच्या कडेवर रबरी गॅस्केट, त्यावर कागद, त्यावर पुन्हा गॅस्केट आणि रिंग, स्टेनलेसचे स्क्रू समोरासमोरचे आवळत न्यायचे आणि आतला गोल सगळ्यात शेवटी ब्लेडने कापायचा. नुसत्या सिलिकॉनवर विसंबू नका, शेततळ्याच्या कागदाला ते धरत नाही.

ड्रेनमधून पाणी आपल्या वजनानेच ड्रममध्ये जातं. २०० लिटरचे तीन निळे ड्रम तळ्याशेजारी खड्ड्यात बसवलेत, सगळ्यांची वरची कड तळ्याच्या पाण्यापेक्षा थोडी उंच. पंप बंद असताना तळ्यात आणि ड्रममध्ये पाणी एकाच पातळीला उभं राहतं. पंप शेवटच्या ड्रममध्ये आहे. तो तिथलं पाणी उपसतो, पातळी उतरते, तळ्यातून नवीन पाणी ओढलं जातं. पंप तळ्यात ठेवला तर तो विष्ठेचा आधी चुरा करतो आणि मग तो चुरा तुम्ही फिल्टरमध्ये गाळत बसता. पंप शेवटी असला की घाण अख्खी येते आणि अख्खीच थांबवता येते.

पहिल्या ड्रममध्ये पाणी कडेने, तिरपं शिरतं, गोल फिरतं आणि जड गाळ खाली बसतो. बुडाशी दोन इंची व्हॉल्व्ह आहे, त्याचं तोंड बागेकडच्या चरात. रोज सकाळी तो उघडतो. पहिले काही क्षण दाट तपकिरी पाणी धो धो येतं, त्यात अर्धवट पचलेले दाणे, शेवाळाचे तंतू, एखादी गोगलगाय. मग एकदम रंग फिका होतो आणि तिथेच बंद करायचं. दुसऱ्या ड्रममध्ये फिल्टरचे ब्रश उभे टांगलेत, मागे शेडनेटच्या गुंडाळ्या. तिसऱ्यात भांडी घासायचे प्लास्टिकचे चोथे (साबण लावलेले नाही, स्टीलचे तर अजिबात नाही) जाळीच्या पिशव्यांतून भरलेत, आणि खालून हवेचे बुडबुडे.

पंप तिथून पाणी वर चढवतो आणि ते टोमॅटोच्या कॅरेटवर पडतं. चार कॅरेट एकावर एक, आत प्युमिस (हलके, सच्छिद्र) दगड. वरच्या कॅरेटमध्ये भोकं पाडलेला पाइप, खालच्यातून पाणी थेट तळ्यात. आमच्या भागात कॅरेटला तोटा नाही, आणि याच्याइतका स्वस्त आणि हवेशीर फिल्टर बाजारात मिळत नाही. पंप ८० वॉटचा आहे, दिवसाला दोन युनिटच्या आत. पेटीवर तासाला ८,००० लिटर छापलंय, पण ते शून्य उंचीवरचं. सहा फूट चढवून सहा हजारांच्या आसपास मिळतात, म्हणजे तासाभरात जवळजवळ सगळं तळं एकदा फिरतं.

प्रश्न विचारा. फोटो रात्री टाकतो.

पेठेतला पेन्शनर

एवढ्या खटाटोपात पुण्यात आम्ही बादशाही मत्स्यालय केलं असतं, एसीत बसून बघायला. असो. लेख छान झालाय. मासे कुठे आहेत?

अंगणातला कावळा (धागाकर्ता)

@पेन्शनर काका, मासे तळ्यात आहेत. नाशिकला या, मिसळ आमच्याकडून.

द्राक्षवाला

पिंपळगावहून लिहितोय. कागद वापरलात ते बरं केलंत, पण एक गोष्ट वाचणाऱ्यांना सांगा. शेततळ्याचा कागद ताठ असतो. एकराच्या तळ्याला उताराच्या भिंती असतात म्हणून तो तिथे छान बसतो. तुमच्या उभ्या भिंतीच्या चौकोनी खड्ड्यात कोपऱ्याला मोठ्या घड्या पडतात आणि घडीमागे घाण साठते. वेल्डिंगचं मशीन घेऊन येणारी पोरं आमच्याकडे असतात, कोपरे कापून जागेवर वेल्ड करून घ्या. जागा वेडीवाकडी असेल तर रबरी कागद परवडला, महाग पडतो पण कापडासारखा वळतो.

दुसरं, कॅरेटच्या वरचा भोकांचा पाइप. भोकं पाडत बसण्यापेक्षा ठिबकच्या दुकानातून ग्रोमेट, टेक-ऑफ आणि १६ मिमीची नळी आणा. बंद झालं तर एक नळी उपटून फुंकायची, पुन्हा खोचायची. ठिबकचा स्क्रीन फिल्टर मात्र कोणी तळ्याला लावू नका. तो विहिरीच्या पाण्यासाठी आहे, माशाच्या घाणीने तासाभरात जाम होतो.

आणि महत्त्वाचं. तुम्ही ते गाळाचं पाणी बागेला सोडताय. खत म्हणून उत्तम आहे. पण माशांना आजारात मीठ टाकलंत तर ते पाणी झाडाला सोडू नका, द्राक्षाला तर चुकूनही नाही. पानाची कड करपली की मग आम्हाला फोन करता.

नळजोडणी

प्लंबिंगचं काम करतो म्हणून बोलतोय, राग नसावा. हिशोब करा. तासाला ६,००० लिटर म्हणजे मिनिटाला १००. तुमचा पहिला ड्रम २०० लिटरचा. पाणी त्यात दोन मिनिटं थांबतं. दोन मिनिटांत वाळू बसेल, माशाची मऊ विष्ठा नाही बसत. तो ड्रम गाळ बसवायला अपुरा आहे. एकतर तिथे ५०० लिटरची टाकी हवी होती किंवा दोन ड्रम शेजारी-शेजारी, पाणी अर्धं-अर्धं वाटून. एकामागे एक लावून फायदा नाही, कारण तेवढंच पाणी तेवढ्याच वेगाने प्रत्येकातून जातं.

अंगणातला कावळा (धागाकर्ता)

@नळजोडणी, हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. पहिल्या ड्रमने सगळं बसवावं अशी अपेक्षाच नाही. जे जड आहे ते तिथे, बाकीचं ब्रशला अडकतं. ब्रश उचलून चरावर झटकले की झालं, काम रविवारचं. ५०० लिटरची टाकी ठेवायला कुंपणापर्यंत जागा नव्हती आणि गाडी मला तिथेच लावायची असते.

नळजोडणी

पंप थोडा छोटा लावला असता तर ब्रशचं काम निम्मं झालं असतं, एवढंच म्हणणं. वेग कमी, गाळ जास्त. पण मग तळं फिरायला दीड तास लागेल, तेही चालतं.

बाकी दोन सूचना. ड्रम जमिनीत गाडलेत, तर पावसाळ्यात एकही ड्रम पूर्ण रिकामा करू नका. बाहेर माती पाण्याने भरलेली असते, रिकामा ड्रम वर उचलला जातो आणि पाइपाचे जोड तुटतात. आणि ड्रम घेताना आत काय होतं ते विचारून घ्या. औद्योगिक वसाहतीतले ड्रम स्वस्त मिळतात, पण त्यात कोणतं रसायन होतं याचा पत्ता नसतो आणि प्लास्टिक ते शोषून धरतं. फळाचा गर किंवा सरबताचं सिरप आलेले ड्रमच घ्या. वास घेऊन बघा, आंबूस-गोड आला तर घ्या, दुसरा कसलाही आला तर सोडा.

मत्स्यगंधा

धागा वाचून आनंद झाला. मत्स्यशास्त्र शिकले आहे, म्हणून थोडं जीवशास्त्राचं लिहिते. सगळे ड्रमाबद्दल बोलताहेत, ड्रमातल्या जिवाणूंबद्दल कोणी नाही.

मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी, आणि ते पाणी बदलून किंवा झाडांना घालून कमी करता येतं. हे जिवाणू त्या चोथ्यांवर आणि प्युमिसवर वस्ती करतात. वस्ती व्हायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्त. म्हणून नवीन तळ्यात पाणी स्वच्छ दिसतं तेव्हाच मासे मरतात. आधी दोन मासे, अगदी कमी खाणं, आणि अमोनिया-नायट्राइटचं थेंबांचं किट. पट्ट्यांचं नको. ओळखीत कोणाचं चालू, निरोगी तळं असेल तर तिथले मूठभर चोथे मागून आणा, वेळ निम्मा वाचतो. हे चोथे कधीही नळाखाली धुवायचे नाहीत, तळ्याच्याच पाण्यात बुडवून हलवायचे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं.

पीएचचं, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्याचं, समजून घ्या. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच फार विषारी. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर ते रूप शेकडा एकापेक्षा कमी, ८ असेल तर पाचच्या थोडं वर, ९ असेल तर ३६ च्या आसपास. किटवर आकडा तोच दिसतो, मासा मात्र एका तळ्यात मजेत आणि दुसऱ्यात तडफडतो. ज्यांना कागदाऐवजी सिमेंटचं तळं करायचंय त्यांनी हे वहीत लिहून ठेवा. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पीएच ९ च्या वर सहज जातो. तळं भरा, आठवडाभर ठेवा, ओता, पुन्हा भरा. पीएच स्थिर होईपर्यंत हेच. किंवा आतून माशांना चालणारा इपॉक्सी लावा.

धागाकर्ते, तुमचं पाणी नळाचं की बोअरचं?

अंगणातला कावळा (धागाकर्ता)

ताई, दोन्ही. पहिल्यांदा बोअरने भरलं, आता वरचं पाणी नळाचं.

मत्स्यगंधा

मग बरं आहे. आपल्याकडचं काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी बहुतेक जड असतं, लोक त्याला नावं ठेवतात, पण त्या जडपणाबरोबर येणारे बायकार्बोनेट पीएच सावरून धरतात. जिवाणू काम करताना तेच खात असतात. ते संपले की एका रात्रीत पीएच कोसळतो आणि सकाळी सगळे मासे उलटे. पावसाळ्यात हा धोका जास्त, कारण पावसाच्या पाण्यात काहीच नसतं. ओव्हरफ्लोचा पाइप ठेवाच आणि पावसाळ्यात केएच (या बायकार्बोनेटचं प्रमाण) तपासत राहा. कमी वाटलं तर खायचा सोडा थोडा थोडा, पाण्यात विरघळवून. किंवा मासळीबाजारातून शिंपल्या आणून, धुऊन, जाळीच्या पिशवीत ड्रममध्ये टांगा; त्या हळूहळू विरघळतात.

नळाचं पाणी थेट तळ्यात सोडायचं असेल तर नळीपाशी उभं राहा. कोई मरण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे नळी लावून आत जाऊन बसणं. वेगळ्या टाकीत भरून रात्रभर हवा सोडलेली चांगली, घाईत असाल तर मत्स्यालयाच्या दुकानात क्लोरीन घालवणारे हायपोचे खडे मिळतात.

टँकरग्रस्त

माफ करा, पण नांदगाव तालुक्यातून हे वाचताना घशात अडकलं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात आणि इथे माशांना सात हजार लिटर. वर रोज सकाळी व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडून द्यायचं. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरंच.

अंगणातला कावळा (धागाकर्ता)

@टँकरग्रस्त, राग समजू शकतो. तुमच्या तालुक्यात मी हे केलं नसतं. इथला हिशोब मांडतो, मग ठरवा. सात हजार लिटर एकदा भरले, ते तिथेच फिरताहेत. आठवड्याला साधारण दहा टक्के बदलतो, म्हणजे ६८० लिटर, आणि त्यातला थेंबही गटारात जात नाही. शेवगा, वांगी, लिंबं, कढीपत्ता, सगळं त्या चरावर आहे. बागेला वेगळं पाणी देणं मी बंद केलं. फुकट जातं ते बाष्पीभवनात: तळ्याची पातळी एक सेंटीमीटर उतरली की ५५ लिटर उडाले. म्हणून वर निम्म्याहून जास्त भागावर ५० टक्क्यांचं हिरवं शेडनेट आहे.

टँकरग्रस्त

बागेचं पाणी त्यातच भागत असेल तर मुद्दा अर्धा मागे घेतो. अर्धा राहू द्या.

शेवाळशत्रू

इंदिरानगरला माझं याच्या निम्म्या आकाराचं तळं आहे. सगळं छान, पण पाणी पालकाच्या सुपासारखं हिरवं. मासे खाताना तोंडं दिसतात तेवढीच. काय करू? दुकानदार एक पावडर देतो म्हणतोय.

मत्स्यगंधा

पावडर नको. हिरवं पाणी म्हणजे तरंगणारं शेवाळ, त्याला खत आणि ऊन दोन्ही मिळतंय. एकदम मारलंत तर ते सडताना ऑक्सिजन खातं, आणि एवढ्याशा तळ्यात मासे पहाटे जातात. यूव्हीचा (अतिनील किरणांचा) दिवा लावा, पंपानंतर, पाणी त्याच्या नळकांड्यातून जाईल असा. पाणी आठ-पंधरा दिवसांत निवळतं. भिंतीवरच्या लांब केसाळ शेवाळाला मात्र तो काही करत नाही. ते हाताने काढा, मासेही कुरतडतात. दिव्याचा निळा उजेड दिसतो म्हणून तो काम करतोय असं नाही, वर्षभराने बल्बचा जोर ओसरतो. बदला.

आणि शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं, रात्री घेतं. मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर त्यांना ऑक्सिजन कमी पडतोय; तो भुकेचा इशारा समजून खायला घालू नका.

शेवाळशत्रू

धन्यवाद ताई. पहाटेचं तेच होत होतं आणि मी कौतुकाने खायला घालत होतो! आजच एअर पंप आणतो.

नळजोडणी

आणणार असाल तर एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका. वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं. आणि तो इन्व्हर्टरवर घ्या. मोठा पंप इन्व्हर्टरवर चालवायची गरज नाही, एअर पंप वीस-तीस वॉट खातो, रात्र काढतो. वीज पाच-सहा तास गेली असेल तर आल्यावर पंप तसाच चालू करू नका. ड्रममधलं पाणी सडलेलं असतं, आधी ते व्हॉल्व्हमधून सोडा आणि मग पंप.

पाण्यात वीज सोडताय, ३० मिलिअँपचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर पंपच लावू नका. तळ्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा, आरसीसीबी असला तरी.

खंड्या

पक्षीवाला आहे, माझ्या आयडीची माफी आधीच मागतो. नांदूरमध्यमेश्वरला दुर्बीण घेऊन जाणारे आम्ही, पण ते सगळे पक्षी तिथेच राहतात असं नाही. ढोकरी, बगळा आणि खंड्या हे तिघे तुमचं तळं हेरतातच. खंड्याला पिल्लं लागतात, ढोकरीला कड. कड उभी आहे हे उत्तम. तळ्यावर बारीक नायलॉनची मासेमारीची जाळी टाकू नका, ती पक्ष्याला दिसत नाही आणि खंड्या त्यात अडकून मरतो. जाड दोऱ्याची, ताणून बांधलेली जाळी लावा, किंवा मासे वीतभर होईपर्यंत शेडनेट पूर्ण ओढून ठेवा. गलोल-बिलोल कोणी सुचवण्याआधी सांगतो, पक्षी मारणं गुन्हा आहे.

आणि एक हात जोडून विनंती. मासे नकोसे झाले की गोदावरीत किंवा गंगापूर धरणात सोडायचं पुण्य करू नका. कोई म्हणजे रंगवलेला सायप्रिनस, साधा कार्प. तळ उकरून खातो, पाणी गढूळ करतो, आपल्या माशांची अंडी-वनस्पती उखडतो. तो आपल्याकडचा नाहीच, गेल्या शतकात बाहेरून आणलाय.

पेठेतला पेन्शनर

रंगवलेला सायप्रिनस! आम्ही जपानी राजघराण्यातला समजत होतो.

मत्स्यगंधा

:) काका, जपानमध्येही तो शेतकऱ्यांचाच. निगाता भागात भातशेतीच्या तळ्यांत खाण्यासाठी पाळलेल्या कार्पमध्ये एकोणिसाव्या शतकात रंगीत मासे निघाले, ते लोकांनी निवडत नेले. १९१४ च्या टोकियोच्या प्रदर्शनात ठेवले तेव्हा बाकी जपानला कळलं. त्यामुळे द्राक्षवाल्या दादांच्या कागदात आणि टोमॅटोच्या कॅरेटखाली कोई पाळणं काही विजोड नाही.

खाण्याचं राहिलं. कार्पला आपल्यासारखं जठर नसतं, एकदम जास्त खाल्लेलं अर्धवटच बाहेर पडतं. धागाकर्त्यांना ड्रममध्ये दाणे दिसताहेत ते त्याचंच, खाणं कमी करा. दिवसात दोन-तीनदा, पाच मिनिटांत संपेल एवढंच. डिसेंबर-जानेवारीत एकदाच, दुपारी. पाणी १० अंशांच्या खाली गेलं तर बंद. शहरात चार फुटी तळ्याचं पाणी इतकं उतरणं कठीण, निफाडकडच्यांनी मात्र थर्मामीटर टाकून बघा.

डासमारक

महापालिकेचे लोक डेंग्यूसाठी घरोघर साठवलेलं पाणी बघतात. यावर दंड नाही का होणार?

अंगणातला कावळा (धागाकर्ता)

तळ्यात अळी टिकत नाही, मासे खातात आणि पाणी हलतं. धोका आहे तो ड्रमांचा, तिथे मासे नाहीत. तिन्ही ड्रमांना झाकण, आणि वर मच्छरदाणीचं कापड इलॅस्टिकने. पंप बंद ठेवून गावाला जाणार असाल तर ड्रम तपासायला कोणाला तरी सांगून जा. ताई, दाणे कमी केले आजपासून.

गच्चीवरचा

सिडकोत राहतो, वरचा मजला, गच्ची आमच्याच ताब्यात. हेच माप गच्चीवर केलं तर? कागद आहे, गळणार नाही.

नळजोडणी

नाही. गळण्याचा प्रश्नच नाही, वजनाचा आहे. चार फूट पाणी म्हणजे चौरस मीटरला बाराशे किलोच्या वर. घराचा स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास वापराचा भार धरून केलेला असतो, गच्चीचा कधी त्याहून कमी. एकूण पाणी जवळपास सात टन. इंजिनिअरच्या लेखी परवानगीशिवाय विटेचा एक थरही लावू नका.

गच्चीवरचा

मग एक हजार लिटरची टाकी, बीमवर ठेवून?

मत्स्यगंधा

कोई त्यात नको, टाकी बीमवर ठेवायची की नाही तेही इंजिनिअरच सांगेल. टाकीत गप्पी, मॉली ठेवा, छान राहतात. वर झाकण नको, शेडनेट हवं, एअर पंप हवा. फिल्टर म्हणून एक बादली आणि तेच चोथे.

द्राक्षवाला

@गच्चीवरचा, तोवर खाली अंगण असलेला मित्र शोधा. धागाकर्ते, एक विचारायचं राहिलं. पिल्लं कुठून आणि कधी घेतलीत? आमच्या शेततळ्यात दहा-बारा सोडायचा विचार आहे.

अंगणातला कावळा (धागाकर्ता)

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी घेतली, एकाच ठिकाणाहून. दोन दुकानांतली एकत्र करू नका. आल्यावर वेगळ्या टाकीत तीन आठवडे. तळ्याची जाळी त्या टाकीत जाता कामा नये, त्या टाकीची जाळी तळ्यात तर नाहीच.

मत्स्यगंधा

त्या टाकीचं पाणी २० ते २५ अंशांत ठेवा. कोईचा हर्पिस नावाचा विषाणू आहे, १९९० च्या दशकाच्या अखेरीस इस्रायल आणि अमेरिकेत ओळखला गेला, आणि तो याच तापमानात डोकं वर काढतो. थंड पाण्यात लपून बसतो, तुम्हाला वाटतं मासा ठणठणीत आहे. कल्ले पांढरट पडलेले, अंगावर चिकट थर, डोळे खोल गेलेले दिसले तर तळ्यात सोडायचा प्रश्नच नाही. अंगाला चिकटलेल्या चपट्या पारदर्शक उवा किंवा दोऱ्यासारखे किडे दिसले तर फोटो टाका, त्याला औषध आहे.

शेततळ्यात सोडणार असाल तर दादा, ओव्हरफ्लो ओढ्याला जातो का ते आधी बघा.

द्राक्षवाला

जातो. सांडव्याला जाळी लावतो आधी, मग विचारतो.